वेबनं टिपलेल्या पहिल्या दीर्घिका, कृष्णविवरं आणि "महास्फोट खोटा ठरला" हा फॉरवर्ड

पैनगंगा_काठ (धागाकर्ता)

मंडळी, आमच्या पुसद-उमरखेड भागातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. "जेम्स वेब दुर्बिणीनं महास्फोट खोटा ठरवला, शास्त्रज्ञ तोंड लपवून बसले." नववी-दहावीची पोरं वर्गात हेच विचारताहेत, आणि विचारताहेत हे चांगलंच आहे. उत्तर एका वाक्यात मावत नाही, म्हणून इथं धागा काढतो.

मेसेजच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. वेब 25 डिसेंबर 2021 ला उडाली, जुलै 2022 मध्ये तिची पहिली चित्रं आली आणि फेब्रुवारी 2023 मध्ये 'नेचर'मध्ये एक शोधनिबंध छापून आला. त्यात सहा दीर्घिका होत्या, महास्फोटानंतर 50 ते 70 कोटी वर्षांच्या काळातल्या. त्यातल्या एकीतल्या ताऱ्यांचं वस्तुमान तर आजच्या आपल्या आकाशगंगेच्या तोडीचं निघत होतं. एवढ्या थोड्या काळात एवढे तारे घडायचे तर हाताशी असलेला जवळजवळ सगळा वायू ताऱ्यांत जायला हवा. आपल्या ओळखीच्या कुठल्याच दीर्घिकेत तसं होत नाही. म्हणून तेव्हा एवढी चर्चा झाली.

पण त्या सहांचे वर्णपट (प्रकाशाची तरंगलांबीनुसार केलेली फोड, जिच्यातल्या रेषांवरून अंतर पक्कं कळतं) तेव्हा घेतलेले नव्हते, आणि नेमकी हीच अट फॉरवर्ड होता होता गळून पडली. अंतराचा अंदाज रंगांवरून बांधला होता. ही पद्धत समजून घेण्यासारखी आहे. दूरच्या दीर्घिकेतून निघालेला 0.1216 मायक्रॉनपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश वाटेतला हायड्रोजन खाऊन टाकतो. विश्व पसरतं तशी ही सीमाही ताणली जाते आणि अवरक्त भागात सरकते. मग वेगवेगळ्या फिल्टरमधून त्याच जागेचे फोटो घ्यायचे. चार फिल्टरमध्ये दीर्घिका अजिबात नाही आणि पाचव्यात अचानक दिसते, तर सीमा चौथ्या आणि पाचव्याच्या मधे आहे. ती किती ताणली गेली याच्या मापाला ताम्रसृती म्हणतात, आणि ताम्रसृतीवरून काळ निघतो.

पद्धत चांगली आहे, पण धुळीनं लाल झालेली जवळची दीर्घिकासुद्धा असाच रंग दाखवू शकते. सीअर्स-93316 नावाच्या दीर्घिकेची ताम्रसृती 2022 मध्ये रंगांवरून 16 च्या पुढं काढली गेली, म्हणजे महास्फोटानंतर जेमतेम 25 कोटी वर्षं. वर्णपट घेतला तेव्हा ती 4.9 निघाली, म्हणजे जवळपास 1.2 अब्ज वर्षांनंतरची. वरच्या सहांपैकी एकीचाही वर्णपट आला. तीही मानली होती त्यापेक्षा बरीच जवळची निघाली आणि तिच्या पोटात वायू गिळणारं कृष्णविवर सापडलं. ताऱ्यांच्या खात्यात धरलेला काही उजेड कृष्णविवराचा होता.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. पोरांना मी हेच सांगतो की बातमी आली की पहिला प्रश्न विचारा, वर्णपट आला का?

जागल्या

सर, म्या हरबऱ्याच्या वावरात जागलीवर हाय. रातची लाइन हाय म्हनून ओलीतबी चालू हाय आन डुकरायचाबी तरास हाय. आभाळ मात्र एकदम साफ. मले दोन गोष्टी सांगा. हा जो परकाश म्हनता, थो निघाला तवा आपली पृथ्वी होती का? आन यातलं डोयानं दिसन असं काही हाय का, का सारं त्या वेबलेच दिसते?

पैनगंगा_काठ

भाऊ, पृथ्वी सोडा, सूर्यसुद्धा नव्हता. 2025 मध्ये मॉम-झेड14 नावाच्या दीर्घिकेचा वर्णपट जाहीर झाला. ताम्रसृती 14.44, म्हणजे हा प्रकाश महास्फोटानंतर 28 कोटी वर्षांनी निघाला आणि साडेतेरा अब्ज वर्षं चालत आला. त्याची दोन तृतीयांश वाट सरली तेव्हा कुठं सूर्य आणि पृथ्वी जन्माला आली. तुमच्या वावरातली काळी माती ज्या बेसाल्टची झाली, त्याचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. या प्रकाशाच्या वाटेतला तो शेवटचा अर्धा टक्का.

डोळ्यांनी एवढ्या दूरचं काही दिसत नाही. पण देवयानी दीर्घिका आत्ता दिसेल. सध्या रात्री नवाच्या सुमारास वायव्येला वर बघा, पुसट लांबट डाग. तो प्रकाश 25 लाख वर्षांपूर्वीचा. नजर थोडी बाजूला ठेवून पाहिलं तर जास्त स्पष्ट दिसतो, आणि मोबाइल खिशातच ठेवा, नाहीतर डोळे पुन्हा अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं जातात.

आता दक्षिणेला तोंड करा. मृग डाव्या हाताला वर राहील. त्याच्या उजवीकडं, थोडा खाली, ठळक तारा नसलेला ओसाड पट्टा आहे, तो अश्मंत तारकासमूह. हबल या अवकाश दुर्बिणीनं 2003-04 मध्ये तिथंच नजर रोखून सुमारे 10,000 दीर्घिका एका चित्रात आणल्या होत्या. वेबची जेड्स-जीएस-झेड14-0 ही दीर्घिकाही त्याच भागातली. ओसाड जागा मुद्दाम निवडतात, आपल्याच आकाशगंगेतले तारे मधे येऊ नयेत म्हणून.

काटेपूर्णा

सर, एक शंका. विश्वाचं वय 13.8 अब्ज वर्षं. मग त्या मॉम-झेड14 चं अंतर पेपरात 33 अब्ज प्रकाशवर्षांच्या वर दिलेलं मी वाचलं. वयापेक्षा अंतर जास्त कसं?

सावली_आर्वी

काका, मी सांगते. (एमएस्सी भौतिकशास्त्र, दुसरं वर्ष.) प्रकाश साडेतेरा अब्ज वर्षं चालला हे खरंच आहे. पण तो चालत असताना त्याच्या मागची जागा पसरतच राहिली. दीर्घिका आज जिथं असेल तिथपर्यंतचं अंतर मोजलं तर ते 33 अब्जांच्या वर जातं. पेपरवाले कधी पहिला आकडा देतात, कधी दुसरा, आणि कुठला ते लिहीत नाहीत. तुमचा गोंधळ त्यामुळं झाला.

आणि त्याच पसरण्यानं प्रकाशाची लांबीही ताणली जाते. ताम्रसृती 14.44 असेल तर 15.44 पट. सरांनी सांगितलेली 0.1216 ची सीमा मग 1.88 मायक्रॉनवर जाते. हबलची नजर 1.7 मायक्रॉनपाशी संपते. म्हणजे हबलनं कितीही वेळ टक लावली असती तरी ही दीर्घिका तिला दिसलीच नसती. वेब 0.6 पासून 28 मायक्रॉनपर्यंत बघते. स्वतःच्याच उष्णतेनं ती आंधळी होऊ नये म्हणून 15 लाख किलोमीटरवर, पाच पदरी पडद्याच्या सावलीत ठेवलीय. आरसा 6.5 मीटरचा, 18 तुकड्यांचा.

मला स्वतःला मॉमपेक्षा जेड्स-जीएस-झेड14-0 जास्त आवडते. जानेवारी 2024 मध्ये वेबनं जवळजवळ दहा तास तिचा वर्णपट घेतला आणि ताम्रसृती 14.32 काढली. ती 1,600 प्रकाशवर्षांहून जास्त पसरलेली आहे, म्हणजे तिचा उजेड एका बिंदूतून येत नाही, ताऱ्यांचा आहे. मग चिलीच्या वाळवंटातल्या अल्मा रेडिओ दुर्बिणीनं तिच्याकडं पाहिलं आणि मार्च 2025 मध्ये दोन वेगळ्या गटांनी जाहीर केलं की तिथं ऑक्सिजन आहे. ऑक्सिजनच्या वर्णपटातल्या रेषेवरून ताम्रसृती दुरुस्त होऊन 14.18 झाली.

ऑक्सिजन! महास्फोटात हायड्रोजन, हेलियम आणि चिमूटभर लिथियम तयार झालं, ऑक्सिजन नाही. तो ताऱ्यांच्या पोटात शिजतो आणि तारा मेल्यावर बाहेर पडतो. म्हणजे विश्व 30 कोटी वर्षांचंही झालं नव्हतं आणि तिथं ताऱ्यांची एक पिढी जगून मरूनही गेली होती. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा होस्टेलच्या मैत्रिणींना उठवून सांगितलं.

जागल्या

ताई, हे भारी सांगतलं. पन मथळ्यात कृष्णविवरंबी हाय. त्याच्यातून त उजेडच येत नाही म्हनतात, मंग ते एवढ्या दुरून कसं दिसलं?

सावली_आर्वी

भाऊ, कृष्णविवर दिसत नाही, त्याच्यात पडायला निघालेला वायू दिसतो. पडताना तो भोवती गरगरतो, घासला जातो, लाखो अंशांपर्यंत तापतो आणि क्ष-किरण फेकतो. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये यूएचझेड1 नावाच्या दीर्घिकेबद्दल तेच जाहीर झालं. वेबनं दीर्घिका शोधली, महास्फोटानंतर 47 कोटी वर्षांची. मग चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीनं दोन आठवड्यांहून जास्त वेळ तिकडं पाहिलं आणि क्ष-किरण सापडले. (आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांच्या नावाचीच दुर्बीण, 1999 पासून काम करतेय.) मधे एबेल 2744 नावाचा दीर्घिकांचा मोठा समूह आहे. त्याच्या गुरुत्वानं भिंगासारखं काम केलं आणि उजेड चौपट झाला, नाहीतर हे हातीच लागलं नसतं.

कृष्णविवराचं वस्तुमान 1 कोटी ते 10 कोटी सूर्यांएवढं. आपल्या आसपासच्या दीर्घिकांत मधलं कृष्णविवर सगळ्या ताऱ्यांच्या साधारण हजाराव्या भागाएवढं असतं. यूएचझेड1 मध्ये ते ताऱ्यांच्या जवळजवळ बरोबरीचं आहे.

आणि ते एवढं मोठं व्हायला वेळच पुरत नाही. कृष्णविवर हवं तेवढं गिळू शकत नाही. जास्त गिळलं की वायू जास्त तापतो, उजेडाचा दाब वाढतो आणि मागून येणारा वायू बाहेर ढकलला जातो. याला एडिंग्टन मर्यादा म्हणतात. त्या मर्यादेत राहून सतत गिळत राहिलं तर वस्तुमान दुप्पट व्हायला ढोबळमानानं साडेतीन कोटी वर्षं लागतात.

काटेपूर्णा

सावली, तुझ्या आकड्यांवर हिशेब मांडला. पतसंस्थेत आयुष्यभर चक्रवाढ लिहीत आलो, हे तेच खातं आहे: मुद्दल लहान, दामदुपटीचा काळ ठरलेला, मुदत किती ते बघायचं.

मुद्दल 100 सूर्य धरलं, मोठा तारा मेल्यावर उरणारं कृष्णविवर म्हणून. 4 कोटींपर्यंत जायचं तर 4 लाख पट, म्हणजे अठरा-एकोणीस वेळा दुप्पट. गुणिले साडेतीन कोटी, जवळपास 65 कोटी वर्षं. मुदत 47 कोटींची. पहिले तारे जन्मून मरायलाच 10 कोटी गेली असं धरलं तर हातात राहिली 37 कोटी. त्यात दहा-साडेदहा वेळा दुप्पट होतं, दीड हजार पट. मग उलटं काढलं तर मुद्दल पंचवीस-तीस हजार सूर्यांचं हवं. एवढं मोठं मुद्दल पहिल्या दिवशी टाकलं कोणी?

पैनगंगा_काठ

काका, तुम्ही कागदावर काढलेला आकडा आणि सिद्धान्तवाल्यांचा आकडा एकाच पट्ट्यात पडतो. ते ज्याला जड बीज म्हणतात ते 10 हजार ते 1 लाख सूर्यांचं असतं. कल्पना अशी: सुरुवातीच्या काळातला शुद्ध हायड्रोजन-हेलियमचा मोठा ढग, शेजारच्या दीर्घिकेच्या अतिनील प्रकाशामुळं ज्याला थंड होऊन तुकडे पडायची संधीच मिळाली नाही. तुकडे नाहीत म्हणून छोटे छोटे तारे नाहीत. सगळा ढग एकदम मध्यावर कोसळतो आणि थेट कृष्णविवर होतं. येल विद्यापीठातल्या प्रियंवदा नटराजन यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. वेब उडण्याच्या चार वर्षं आधी, 2017 मध्ये, त्यांच्या गटानं अशी दीर्घिका वेबला आणि क्ष-किरणांत कशी दिसेल ते लिहून ठेवलं होतं. यूएचझेड1 त्या वर्णनाशी जुळली. आधी लिहून ठेवलेलं नंतर सापडतं, याला मी सगळ्यात जास्त मान देतो.

पण दुसरी वाटही उघडी आहे. एलआयडी-568 हे कृष्णविवर 2024 मध्ये जाहीर झालं, महास्फोटानंतर 1.5 अब्ज वर्षांचं. ते एडिंग्टन मर्यादेच्या 40 पट वेगानं गिळताना दिसलं. असं थोडा काळ चालत असेल तर काकांचं छोटं मुद्दलही चालून जाईल. जीएन-झेड11 मधलं कृष्णविवर सूर्याच्या सुमारे 16 लाख पट आहे, महास्फोटानंतर 43 कोटी वर्षांचं, तेही मर्यादेच्या वरच गिळतंय असा अंदाज आहे. माझा कल जड बिजांकडं आहे, पण दोन्ही प्रकार घडले असतील हे मला जास्त संभवनीय वाटतं.

सावली_आर्वी

सर, छोटे लाल ठिपके राहिले! वेबच्या चित्रांत शेकड्यानं सापडलेत. अगदी लहान, लालभडक, आणि बहुतेक महास्फोटानंतरच्या पहिल्या दीड अब्ज वर्षांतले. वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा रुंद दिसतात, म्हणजे वायू सेकंदाला हजारो किलोमीटरनं फिरतोय, म्हणजे मधे कृष्णविवर. पण बहुतेकांतून क्ष-किरण येत नाहीत. एक कल्पना अशी की कृष्णविवराभोवती हायड्रोजनचं इतकं दाट वेष्टन आहे की क्ष-किरण आतच अडकतात. मला पीएचडी याच विषयात करायची आहे.

वाशीम_रोड

म्हणजे शेवटी महास्फोट खरा की खोटा? आमचे मामा फॉरवर्ड दाखवून दाखवून भांडतात.

पैनगंगा_काठ

भाऊ, मामांना एवढं विचारा की वरच्यातलं नेमकं कुठलं निरीक्षण महास्फोटाच्या विरोधात जातं. दीर्घिका एकमेकींपासून दूर जाताहेत, चारी दिशांनी 3.8 लाख वर्षांच्या विश्वाचा उरलेला प्रकाश सूक्ष्मलहरींच्या रूपानं येतो, आणि हायड्रोजन-हेलियमचं प्रमाण हिशेबाप्रमाणं आहे. हे तिन्ही जागच्या जागी आहेत. चुकला असेल तर तारे आणि कृष्णविवरं किती झपाट्यानं तयार होतात याचा आपला अंदाज. तो बदलतोय, आणि शास्त्रज्ञ तो उघडपणे, नावानिशी निबंध लिहून बदलताहेत.

वाशीम_रोड

पटलं. आता कामाचं बोलतो. आमच्या शाळेला 6 इंची दुर्बीण मिळालीय. चंद्र, गुरू, शनी पोरांनी पाहून झाले. या धाग्यातलं काही दाखवता येईल का? चौकात हायमास्ट लागल्यापासून गावातून आभाळ निम्मं गेलं आहे.

पैनगंगा_काठ

येईल. एप्रिलची अमावास्या धरा आणि दुर्बीण गावाबाहेर, वावरात न्या. हायमास्टबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. दिवा खाली पडावा, आभाळात नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या भागात वाघोडा, सिल्लारी या गावांतले दिवे जमिनीकडं तोंड करून बसवले, आणि जानेवारी 2024 मध्ये तो भारतातला पहिला डार्क स्काय पार्क ठरला. आपल्याच नागपूर जिल्ह्यात. ग्रामसभेत हे उदाहरण ठेवा.

आता काय पाहायचं. कन्या राशीत एम87. तुमच्या दुर्बिणीत गोल धूसर ठिपका दिसेल. 10 एप्रिल 2019 ला कृष्णविवराचं जे पहिलं चित्र जगानं पाहिलं ते याच ठिपक्याच्या मधलं, साडेसहा अब्ज सूर्यांएवढं. प्रकाश साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचा. दुर्बिणीचं तिपाई ज्या बेसाल्टवर ठेवाल तो त्याहून जुना आहे, पोरांना हे नक्की सांगा.

त्याच कन्येत 3सी 273 हा क्वासार, म्हणजे वायू गिळणाऱ्या कृष्णविवरामुळं झळकणारा दूरच्या दीर्घिकेचा मध्य. 6 इंचीत अवघड, 8 इंची मिळाली तर अंधाऱ्या रात्री दिसतो, पण नकाशा हवा, कारण तो साध्या मंद ताऱ्यासारखाच दिसतो. 1963 मध्ये मार्टेन श्मिट यांनी त्याच्या वर्णपटातल्या हायड्रोजनच्या रेषा जवळजवळ 16 टक्के सरकलेल्या ओळखल्या आणि क्वासार म्हणजे काय ते उलगडलं. तो उजेड सुमारे 2 अब्ज वर्षांपूर्वी निघाला, कृष्णविवरात पडणाऱ्या वायूतून. तो थेट पोरांच्या डोळ्यात पडेल.

आणि दुर्बिणीशिवाय: सप्तर्षीतला सगळ्यात मंद तारा अत्री. हात लांब करून तीन बोटं धरा, अत्रीपासून ध्रुवाच्या बाजूला तेवढं सरका. 1995 ची हबलची पहिली खोल छबी त्या जागेची आहे, आणि जीएन-झेड11 पण तिथंच. दिसणार काही नाही, पण बोट दाखवता येतं.

सावली_आर्वी

पुण्याचंही सांगा ना सर! खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण जी संस्था चालवते त्या एनसीआरएमधल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांना वेबच्या माहितीतून अलकनंदा ही दीर्घिका सापडली, 2025 मध्ये. महास्फोटानंतर दीड अब्ज वर्षांची, आणि चांगली सर्पिल, दोन ठळक भुजांची. तेवढ्या लवकर दीर्घिका अशा नीटस नसतात असा समज होता. वेबची बरीचशी माहिती सगळ्यांना खुली असते. लॅपटॉप आणि धीर असेल तर आर्वीत बसूनही काम करता येतं.

जागल्या

हे बरं झालं. सर, एक शेवटचं. हिंगोलीकडं औंढ्याले थे लायगो होऊन रायलं. आमच्या गावचे लोक म्हनतात, तिथं कृष्णविवर दिसन. ह्या जुन्या कृष्णविवरायचं त्यातून काही समजन का?

सावली_आर्वी

समजेल, पण लहानांचं. लायगो-इंडियाला एप्रिल 2023 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असतील. दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळताना अवकाशात जी थरथर उठते ती तिथं मोजली जाईल. पण ती काही सूर्यांपासून दोन-तीनशे सूर्यांपर्यंतच्या कृष्णविवरांची. हजारो-लाखो सूर्यांची मिसळतात तेव्हा लहरी इतक्या संथ असतात की चार किलोमीटरची भुजा पुरत नाही, आणि जमिनीची स्वतःची हालचालच त्यांना झाकून टाकते. त्यासाठी युरोपची लिसा मोहीम आहे. तीन यानं, एकमेकांपासून 25 लाख किलोमीटरवर, सूर्याभोवती फिरत राहतील. जानेवारी 2024 मध्ये तिला पक्की मंजुरी मिळाली, 2035 च्या सुमारास उडवायचं ठरलंय. काकांच्या हिशेबातलं मुद्दल 100 चं होतं की पंचवीस हजारांचं, ते ठरवायला लिसाच्या मोजणीची मदत होईल.